छोटा काश्मीरला जाताना

गोरेगाव पूर्वेहून आरे रोडने आत शिरलं की तळ्याकाठची ही बाग लागते. बहुतेक लोक होडीत फिरून परततात. आजूबाजूचा इतिहास पाहायचा राहून जातो.

मुंबई शहरातले गोठे बाहेर हलवण्यासाठी १९४९ मध्ये दारा खुरोडी यांनी आरे दुग्ध वसाहत उभारली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, ३२ तबेले आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरं असा तिचा पसारा होता. खुरोडींना १९६३ मध्ये त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण वसाहतीच्या आधीपासून इथे वारली पाडे आहेत, आणि वाघोबाची पूजाही. त्यांतला प्रजापूरपाडा आता पूर्वीसारखा नाही. मेट्रो ३ च्या कामासाठी तिथल्या आदिवासी कुटुंबांना चकाल्याच्या इमारतींत हलवलं गेलं. भातशेती, भाजीचे वाफे, दारातली झाडं मागे राहिली. हे नुकसान घराच्या चौरस फुटांत मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच मेट्रोच्या कारशेडसाठी इथली २,१४१ झाडं तोडली गेली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. पुढच्या वर्षी आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली.

जाण्यासाठी: मेट्रो ७ चं ‘आरे’ स्थानक द्रुतगती महामार्गावर आहे. बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडायच्या आत परतावं.