नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स

जबलपुरात नारळ दिसतो तो ग्वारीघाटावर, नर्मदामैयाला वाहायला. नूडल्सच्या वाडग्यात तो क्वचितच पडतो. चाऊमिनच्या गाड्या मात्र हव्या तेवढ्या. नारळाच्या रश्श्यातल्या नूडल्स गाडीवर उभं राहून खायच्या, तर सुरत गाठावी. तिथल्या रांदेर भागातल्या व्यापाऱ्यांचे रंगूनशी जुने धागे; तिकडून आलेल्या या पदार्थाला सुरतेत ‘खाऊसा’ म्हणतात. १९६२च्या लष्करी उठावानंतर लाखो भारतीयांना ब्रह्मदेश सोडावा लागला, त्यांच्याबरोबरही ही चव भारतात पसरली. मूळ नाव ‘ओन-नो खाऊ-स्वे’, म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्स. दाटपणा बेसनाचा, म्हणजे आपल्या पिठल्याचा लांबचा नातेवाईकच!

सिंगापूरचा लाक्सा याचा झणझणीत भाऊबंद. सुकी कोळंबी, मिरच्या, गवती चहाचे दांडे वाटून परतायचे, मग नारळाचं दूध. कटाँग भागात शेवया इतक्या आखूड कापतात की नुसत्या चमच्यानं खाता याव्यात. पेनांगच्या आसाम लाक्सात मात्र नारळ नाहीच; चिंच आणि मासळी. नावावर भुलून मागवाल तर फसाल.

गाडी पारखायची ती तवंगावरून. मिसळीच्या तर्रीसारखा लाल थर वर आला असेल, तर वाटण नीट परतलेलं आहे. रस्सा रटारटा उकळत ठेवलेला दिसला तर पुढे निघा, नारळाचं दूध फुटलेलं असणार. आणि नूडल्स ऐन वेळी गरम पाण्यातून काढून वाडग्यात पडायला हव्यात. रश्श्यात भिजत पडलेल्यांचा लगदा होतो.