फौजीकाका वर्गात येतात तेव्हा…

बालमित्रांनो, सैन्यातून निवृत्त झालेले एखादे काका शाळेत आले, की तुमचे प्रश्न ठरलेले असतात. "बंदूक केवढी जड असते?" "तुम्हांला भीती नाही का वाटायची?" अमेरिकेत मात्र काही निवृत्त सैनिक वेगळ्याच शत्रूची गोष्ट सांगायला शाळांत जातात, तेही स्वयंसेवक म्हणून, पैसे न घेता. हा शत्रू म्हणजे अमली पदार्थ!

तुम्ही म्हणाल, हे तर डॉक्टरांचं काम. सैनिकाचा इथे काय संबंध? संबंध आहे, बरं का! त्यासाठी १९७१ सालच्या व्हिएतनाम युद्धाकडे जाऊ या.

तेव्हा अमेरिकेचे लाखाहून अधिक सैनिक तिथे होते. घर हजारो मैल दूर, दिवस कंटाळवाणे, डोक्यावर मरणाची टांगती तलवार. आणि हेरॉइन हे भयंकर विष मात्र स्वस्त आणि सहज मिळे. इतके सैनिक त्याच्या नादी लागले, की सरकारने नियमच केला : घरी परतण्याआधी लघवीची तपासणी! ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी परतलेल्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. जवळजवळ निम्म्यांनी तिथे अफू-हेरॉइनसारखे पदार्थ घेऊन पाहिले होते आणि दर पाचांतल्या एकाला व्यसनच लागलं होतं.

विचार करा. गोळीला न घाबरणारी, कसलेली माणसं ही. तीसुद्धा अडकली! मग "मी स्ट्राँग आहे, मला काही होत नाही" या बोलण्यात किती दम आहे?

पुढची गोष्ट आणखी नवलाची. व्यसन लागलेल्यांपैकी, घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडले ते शंभरात सुमारे पाचच. याचा अर्थ हेरॉइन सहज सुटतं, असा मुळीच नाही हं! या सैनिकांची ती जागा, ती संगत, तो विकणारा, सगळंच मागे राहिलं होतं. आपल्याला आपली गल्ली सोडून कुठे जाता येतं? म्हणून पहिली पुडीच हातात न घेणं, हेच शहाणपण.

पण ते शिकवायचं कसं? १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांचे धोके सांगू लागले. पुढे तो देशभर पसरला. मात्र अभ्यासकांनी मुलांची पाहणी केली, तेव्हा व्यसनावर त्याचा परिणाम फारच थोडा दिसला. नुसत्या भाषणाने आणि भीतीने काम भागत नाही! मग २००९ पासून 'डेअर'ने नवा अभ्यासक्रम घेतला. त्यात मुलं चार गोष्टींचा सराव करतात : नकार देणं, कारण सांगणं, असे प्रसंग टाळणं आणि तिथून निघून जाणं.

सराव म्हणजे काय, हे फौजीकाकांहून चांगलं कोण सांगणार? सैनिक रोज कवायत करतो, ती ऐनवेळी विचार करत बसायची पाळी येऊ नये म्हणून. नकाराचंही तसंच. मित्र म्हणतो, "एकच पुडी रे, घाबरलास?" तेव्हा उत्तर आधीच तयार हवं. "नको, मला मॅच खेळायचीय," म्हणायचं आणि चालू पडायचं. वर्गात जोड्या करून हे नाटुकलं करून पाहा. गंमतही वाटेल आणि जीभही वळेल.

कायदाही तुमच्या बाजूला आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायला बंदी आहे. कुणी आग्रह करत असेल, मित्र अडकला असेल, तर आई-बाबांना किंवा बाईंना सांगा. ही चहाडी नव्हे, मैत्री आहे. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा मदतीचा फोन क्रमांक वहीत लिहून ठेवा.

तुमच्या गावातही एखादे निवृत्त फौजीकाका असतीलच. गुरुजींना सांगून त्यांना वर्गात बोलवा. बंदुकीबद्दल जरूर विचारा, पण एक प्रश्न आणखी विचारा : "काका, सोबतचे सगळे 'हो' म्हणत असताना तुम्ही 'नाही' कसं म्हणालात?"