क्वार्टरबॅक वाद

क्वार्टरबॅक वाद ही अमेरिकन फुटबॉल या खेळातील एक प्रचलित संज्ञा आहे. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक दुखापतीमुळे किंवा खराब कामगिरीमुळे बाहेर बसला, त्याच्या जागी आलेल्या राखीव क्वार्टरबॅकने चांगला खेळ केला आणि पुढील सामने दोघांपैकी कोणी खेळावेत याविषयी मतभेद निर्माण झाले, म्हणजे या वादाला तोंड फुटते. अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक साखळीत असे वाद वारंवार उद्भवतात. प्रशिक्षक, खेळाडू, वार्ताहर आणि मुख्यतः चाहते त्यांत हिरिरीने भाग घेतात. वरकरणी हा प्रश्न दोन खेळाडूंच्या गुणवत्तेचा असतो. परंतु जखमी झालेल्या खेळाडूला बरे झाल्यावर त्याची जागा परत मिळावी की नाही, हा न्यायाचा प्रश्नही त्यात गुंतलेला असतो.

क्वार्टरबॅकचे स्थान

भारतात फुटबॉल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अमेरिकन फुटबॉल वेगळा आहे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन धावत अथवा हाताने फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या शेवटापर्यंत न्यायचा, हे या खेळाचे मुख्य सूत्र आहे. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ संधी मिळतात. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू बहुधा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो धावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवायचा, दूरच्या सहकाऱ्याकडे फेकायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. अंगावर धावून येणारे प्रतिस्पर्धी त्याला खाली पाडण्याच्या बेतात असतात, त्यामुळे दुखापतीचा धोकाही त्याला मोठा असतो.

क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे या जागेवरही एका वेळी एकच खेळाडू खेळतो. यष्टिरक्षकाला निदान केवळ फलंदाज म्हणून संघात सामावून घेता येते. क्वार्टरबॅकला अशी दुसरी जागा सहसा उपलब्ध नसते. म्हणून राखीव क्वार्टरबॅक कित्येकदा संपूर्ण हंगाम मैदानाच्या कडेला उभा राहून काढतो. आठवड्याच्या सरावातील बहुतांश वेळही मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला येतो. दोघांना आलटून पालटून खेळवण्याचे प्रयोग क्वचित झाले आहेत. डॅलस काउबॉइज संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी १९७१ साली शिकागो बेअर्सविरुद्ध क्रेग मॉर्टन व रॉजर स्टॉबॅक यांना प्रत्येक चालीगणिक बदलून पाहिले. तो सामना काउबॉइज हरले. त्यानंतर लँड्री यांनी स्टॉबॅकची निवड कायम केली आणि त्या हंगामात संघाने सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

चाहत्यांचे युक्तिवाद

अमेरिकेत या विषयावर एक वाक्य म्हणीसारखे वापरले जाते: शहरातील सर्वांत लाडका माणूस म्हणजे राखीव क्वार्टरबॅक. मुख्य क्वार्टरबॅकच्या चुका चाहत्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात, तर न खेळलेल्या खेळाडूच्या चुका अजून कोणी पाहिलेल्या नसतात, असा त्याचा भावार्थ आहे. वॉशिंग्टनच्या संघात १९७० च्या दशकाच्या आरंभी सनी जर्गेन्सन व बिली किल्मर हे दोन क्वार्टरबॅक होते. तेव्हा शहरातील चाहते आपापल्या पसंतीच्या खेळाडूच्या नावाच्या पट्ट्या मोटारींवर चिकटवून फिरत असत.

राखीव खेळाडूला कायम ठेवावे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा चालू यशाचा असतो. संघ जिंकत आहे, सहकाऱ्यांचा त्याच्याशी मेळ बसला आहे, अशा वेळी घडी विस्कटू नये, असे ते सांगतात. तो वयाने लहान असेल तर भविष्याचा विचारही त्यांच्या बाजूने येतो. याउलट मुख्य खेळाडूचे समर्थक त्याच्या अनेक हंगामांच्या कामगिरीकडे बोट दाखवतात. चार-पाच सामन्यांवरून कोणाचीही खरी योग्यता कळत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. नव्या खेळाडूच्या चित्रफिती प्रतिस्पर्धी संघांकडे कमी असतात. त्या साठल्या की त्याच्या सवयींचा अभ्यास होतो आणि सुरुवातीची चमक ओसरते, हाही त्यांचा एक आक्षेप असतो.

विजयांची संख्या क्वार्टरबॅकच्या नावावर मोजण्याची पद्धत या वादात भर घालते. बचाव फळीने प्रतिस्पर्ध्याला रोखले किंवा अखेरच्या क्षणी लाथेने मारलेला फील्ड गोल साधला, तरी विजय क्वार्टरबॅकच्या खात्यात धरला जातो. डेन्व्हर ब्रॉन्कोजचा टिम टीबो हे याचे ठळक उदाहरण होय. २०११ च्या हंगामात पहिल्या ५ सामन्यांपैकी ४ गमावल्यावर संघाने काइल ऑर्टनला बसवून टीबोला संधी दिली. प्रेक्षक त्याआधीपासूनच त्याच्या नावाचा घोष करत होते. टीबोने सुरुवात केलेल्या पहिल्या ८ सामन्यांपैकी ७ संघाने जिंकले, मात्र हंगामात त्याचे यशस्वी पासांचे प्रमाण ४६.५ टक्के, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. एका गटाने विजय मोजले, दुसऱ्याने टक्केवारी. बाद फेरीत पिट्सबर्ग स्टीलर्सवर मिळवलेल्या विजयाने त्याच्या समर्थकांना बळ दिले, परंतु पुढच्याच सामन्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ब्रॉन्कोजचा ४५-१० असा पराभव केला. २०१२ च्या मार्च महिन्यात ब्रॉन्कोजने पेटन मॅनिंगला करारबद्ध केले आणि टीबोला न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवले.

उल्लेखनीय प्रसंग

अर्ल मोरॉल (१९६८ आणि १९७२)

बाल्टिमोर कोल्ट्सचा नामांकित क्वार्टरबॅक जॉनी युनायटस १९६८ च्या हंगामापूर्वी जखमी झाला. त्याच्या जागी आलेल्या अर्ल मोरॉलच्या साथीने संघाने १४ पैकी १३ साखळी सामने जिंकले आणि मोरॉल त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षक डॉन शूला यांनी तिसऱ्या सुपर बोलमध्येही त्यालाच खेळवले. पूर्वार्धात त्याचे ३ पास जेट्सच्या खेळाडूंनी मध्येच झेलले. उत्तरार्धात युनायटसला उतरवण्यात आले, परंतु कोल्ट्स तो सामना १६-७ असा हरले.

चार वर्षांनी हेच प्रशिक्षक व हाच राखीव खेळाडू मायामी डॉल्फिन्समध्ये पुन्हा एकत्र आले. १९७२ च्या हंगामात पाचव्या सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी जायबंदी झाला. ३८ वर्षांच्या मोरॉलने उरलेले सर्व ९ साखळी सामने संघाला जिंकून दिले. बाद फेरीत स्टीलर्सविरुद्ध मात्र शूला यांनी उत्तरार्धात ग्रीसीला उतरवले आणि सातव्या सुपर बोलची सुरुवातही त्यालाच करू दिली. डॉल्फिन्सने वॉशिंग्टनला १४-७ असे हरवून १७ पैकी १७ सामने जिंकले. सुपर बोलसह संपूर्ण हंगाम अपराजित राहण्याचा हा विक्रम एनएफएलमध्ये अन्य कोणत्याही संघाला जमलेला नाही.

ब्लेडसो आणि ब्रेडी (२००१)

१९९३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पेट्रियट्सने ड्रू ब्लेडसोला पहिल्या क्रमांकावर निवडले होते. २००१ च्या मार्चमध्ये त्याच्याशी १० वर्षांचा सुमारे १०.३ कोटी डॉलरचा करार झाला. २३ सप्टेंबर २००१ रोजी जेट्सच्या मो लुइसने दिलेल्या धडकेमुळे ब्लेडसोच्या छातीत अंतर्गत रक्तस्राव झाला. त्याची जागा टॉम ब्रेडीने घेतली. आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये ब्रेडीची निवड तब्बल १९९ व्या क्रमांकावर झाली होती.

नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो खेळण्यास तंदुरुस्त ठरला. तरीही प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रेडीलाच पसंती दिली. ब्रेडी हंगामाचे उरलेले सामने खेळणार हे त्यांनी स्पष्ट केले, तेव्हा संघाने ५ सामने जिंकले होते आणि ५ गमावले होते. त्यानंतरचे सर्व ६ साखळी सामने पेट्रियट्सने जिंकले. बाद फेरीत स्टीलर्सविरुद्ध ब्रेडीचा घोटा दुखावला, तेव्हा ब्लेडसोनेच मैदानात उतरून टचडाउन पास दिला व विजयाला हातभार लावला. ३ फेब्रुवारी २००२ रोजी झालेल्या सुपर बोलमध्ये ब्रेडी पुन्हा खेळला आणि पेट्रियट्सने सेंट लुईस रॅम्सला २०-१७ असे हरवले. दोन महिन्यांनी ब्लेडसोला बफेलो बिल्सकडे पाठवण्यात आले. ब्रेडीने पुढे कारकिर्दीत एकूण ७ सुपर बोल जिंकले.

स्मिथ आणि कॅपर्निक (२०१२)

सान फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा अ‍ॅलेक्स स्मिथ २०१२ च्या हंगामात उत्तम खेळत होता. त्याचे सुमारे ७० टक्के पास यशस्वी ठरले होते. ११ नोव्हेंबर रोजी रॅम्सविरुद्ध त्याच्या डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला. पुढच्या सामन्यात कॉलिन कॅपर्निकने कारकिर्दीत प्रथमच सुरुवात केली आणि फोर्टीनाइनर्सने शिकागो बेअर्सला ३२-७ असे नमवले. स्मिथला वैद्यकीय परवानगी मिळाल्यावरही प्रशिक्षक जिम हार्बा यांनी कॅपर्निकला कायम ठेवले. संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला व बाल्टिमोर रेव्हन्सकडून ३४-३१ असा हरला. स्मिथ २०१३ साली कॅन्सस सिटी चीफ्समध्ये गेला. आदल्या हंगामात केवळ २ सामने जिंकलेल्या त्या संघाने त्याच्या साथीने पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले.

वेंट्झ आणि फोल्स (२०१७–१८)

१० डिसेंबर २०१७ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सच्या कार्सन वेंट्झचा गुडघा जायबंदी झाला. राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सने संघाला सुपर बोल मिळवून दिला. पेट्रियट्सविरुद्धच्या ४१-३३ अशा विजयात तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढील हंगामात वेंट्झ बरा होताच प्रशिक्षक डग पीडरसन यांनी त्याला जागा परत दिली. डिसेंबरमध्ये तो पाठीच्या दुखापतीने बाहेर बसल्यावर फोल्सने संघाला पुन्हा बाद फेरीत नेले. २०१९ साली फोल्स जॅक्सनव्हिल जॅग्वार्समध्ये गेला आणि वेंट्झला ईगल्सने नवा मोठा करार दिला. २०२० च्या हंगामात वेंट्झचीही जागा जेलन हर्ट्स या तरुण खेळाडूने घेतली.

दुखापत आणि जागेचा हक्क

दुखापतीमुळे खेळाडूची जागा जाऊ नये, असा एक अलिखित संकेत अमेरिकन खेळांत पूर्वापार सांगितला जातो. तो नेहमी पाळला जातोच असे नाही. बेसबॉलमध्ये १९२५ साली न्यू यॉर्क यांकीजच्या वॉली पिपऐवजी लू गेरिगला खेळवण्यात आले आणि गेरिग त्यापुढे सलग २,००० हून अधिक सामने खेळला. एक दिवस बाहेर बसून कायमची जागा गमावणाऱ्याला आजही पिपची उपमा देतात.

स्मिथच्या प्रसंगाने या संकेताचे महत्त्व नव्याने पुढे आले. हाड मोडले तर ते लपवता येत नाही. मेंदूला बसलेल्या धक्क्याची लक्षणे, उदाहरणार्थ अंधुक दिसणे, गरगरणे, गोंधळणे, ही मात्र बरीचशी खेळाडूने स्वतः सांगितल्यावरच इतरांना कळतात. अशी लक्षणे दिसलेल्या खेळाडूला त्याच दिवशी पुन्हा खेळू न देण्याचा कडक नियम एनएफएलने २००९ साली केला. अशा आघातांच्या दीर्घकालीन परिणामांवरून हजारो माजी खेळाडूंनी एनएफएलविरुद्ध दावे दाखल केले होते आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ७६.५ कोटी डॉलरच्या तडजोडीची घोषणा झाली. याच काळात नियमाप्रमाणे विश्रांती घेणाऱ्या एका यशस्वी खेळाडूची जागा गेली. लक्षणे सांगितल्यास जागा जाते, असा बोध इतर खेळाडू यातून घेतील, ही चिंता त्या वेळी व्यक्त झाली. कॅपर्निकला कायम ठेवणे योग्य होते असे मानणाऱ्या चाहत्यांनाही या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले. जागा गुणवत्तेवर द्यायची तर आजारी खेळाडूने आजार कबूल का करावा, आणि आजारी खेळाडूला संरक्षण द्यायचे तर संधीचे सोने केलेल्या राखीव खेळाडूने वाट किती पाहावी, असा हा पेच आहे.

मूल्यमापन

या वादांचा निकाल बहुधा अंतिम धावसंख्येवरून, म्हणजेच मागाहून लावला जातो. बेलिचिक यांचा निर्णय आज दूरदृष्टीचा मानला जातो. तो घेताना मात्र त्यांच्यापुढे जितके विजय तितकेच पराभव होते. शूला यांनी १९६८ साली राखीव खेळाडूवर विश्वास कायम ठेवला व ते हरले. १९७२ साली त्याच खेळाडूला बसवले व ते जिंकले. दोन्ही निर्णयांमागे त्यांच्यापाशी सबळ कारणे होती. यशस्वी ठरलेल्या राखीव खेळाडूंची नावे स्मरणात राहतात आणि संधी मिळूनही न चमकलेल्या कितीतरी खेळाडूंची विस्मृतीत जातात, यामुळेही चाहत्यांचा अंदाज एका बाजूला झुकतो.

म्हणून अशा वादाचा अभ्यास करताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवणे उपयुक्त ठरते: पुढचा सामना जिंकून देण्याची शक्यता कोणाची अधिक आहे, पुढील काही वर्षांसाठी संघाला कोण हवा आहे, आणि संघासाठी खेळताना जखमी झालेल्या माणसाचे संघ काय देणे लागतो. चाहत्यांची भांडणे लांबतात, कारण अनेकदा एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो आणि दुसरा तिसऱ्याचे.

हे सुद्धा पहा

अमेरिकन फुटबॉल
नॅशनल फुटबॉल लीग
सुपर बोल
टॉम ब्रेडी