मूल वांड नाही, त्याला मदत हवी आहे

रविवारी विहारात वंदना सुरू होते. सगळी मुलं हात जोडून बसतात आणि एक मुलगा मधूनच उठून मेणबत्त्या मोजायला जातो. कुणीतरी कुजबुजतं, "आईचं लक्षच नाही." आई मान खाली घालते. हाच मुलगा सोमवारी शाळेच्या वेळेला पोट धरून रडतो. मग घरातलेच म्हणतात, "नाटकं करतोय."

असं मूल आपल्या बहुतेक वस्त्यांत सापडेल. आम्ही नर्सची नोकरी करत होतो, तेव्हा अशा आयांना आम्हीही सांगायचो, "लाड कमी करा, धाक ठेवा." तो सल्ला चुकीचा होता. म्हणून हा विषय आज नीट सांगतो.

हे नेमकं काय असतं?

पहिला त्रास एडीएचडी. यात लक्ष टिकवणं, थांबणं, हालचाल आवरणं यासाठी मेंदूत जो लगाम लागतो, तो इतर मुलांपेक्षा उशिरा आणि कमी पक्का तयार होतो. हे बरंचसं आनुवंशिक असतं. आईच्या लाडानं होत नाही, नजर लागल्यानं किंवा बाधेनं तर नाहीच. म्हणून गंडा-दोरा, उतारा यांत पैसा आणि वर्षं घालवू नका.

प्रत्येक अवखळ मूल एडीएचडीचं नसतं. लक्षणं 12 वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, किमान 6 महिने टिकावी लागतात, आणि घरी व शाळेत अशा दोन्हीकडे दिसावी लागतात. मुलींकडे विशेष लक्ष द्या. त्या पुष्कळदा धावपळ करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, वह्या हरवतात. त्यांना 'मंद' म्हणून सोडून दिलं जातं.

दुसरा त्रास चिंतेचा. भीती सगळ्याच मुलांना वाटते. पण ती रोजची झाली, शाळा, झोप, खेळ बंद पाडू लागली, की उपचार लागतात. लहान मूल "मला चिंता वाटते" असं म्हणत नाही. त्याचं पोट दुखतं, डोकं दुखतं, ते आईचा पदर सोडत नाही, दहा वेळा तेच विचारतं.

बऱ्याच मुलांत हे दोन्ही एकत्र असतात. विसरलं म्हणून मार बसतो, माराची भीती बसते, आणि घाबरलेल्या मुलाचं लक्ष आणखी उडतं. हे चक्र धाकानं तुटत नाही, उलट पक्कं होतं.

आधी काय तपासायचं?

कान आणि डोळे तपासून घ्या. फळा दिसत नसेल तर लक्ष कसं लागेल? रक्त कमी आहे का, झोप पुरते का, रात्री घोरतं का, तेही डॉक्टरांना सांगा.

आणखी एक गोष्ट मुलाला शांतपणे विचारा. शाळेत कुणी जातीवरून, वस्तीवरून चिडवतं का? मुद्दाम मागे बसवतात का? तसं असेल तर ती भीती खरी आहे. तिथे मुलाच्या समजुतीआधी शाळेशी बोलायला हवं. एकट्यानं जाऊ नका, मंडळातलं कुणी सोबत घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे.

घरी काय करायचं?

घर एका खोलीचं असलं तरी हे जमतं.

- एका वेळी एकच काम सांगा. लांबून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, मग बोला.
- उठणं, दात घासणं, दप्तर भरणं यांची चित्रं काढून दारामागे चिकटवा.
- अभ्यास भिंतीकडे तोंड करून, टीव्ही बंद ठेवून, 10-15 मिनिटांच्या तुकड्यांत घ्या. मध्ये पळू द्या, पाणी आणायला पाठवा.
- चांगलं केलं की तिथल्या तिथे सांगा. "शहाणा आहेस" यापेक्षा "वही जागेवर ठेवलीस, छान केलंस" हे त्याला कळतं.
- झोपायची वेळ ठरलेली ठेवा. त्याआधी तासभर मोबाईल नको.
- भीतीची थट्टा नको, पण शाळा कायमची बंदही नको. आज फाटकापर्यंत, उद्या वर्गात अर्धा तास, अशा पायऱ्या करा.
- घाबरलं की गरम चहावर घालतो तशी हळू, लांब फुंकर घालायला शिकवा. शांत असताना सराव झाला, तरच वेळेवर उपयोग होतो.

वडिलांनाही सांगतो. घरातली दारू आणि भांडण मुलाच्या पोटात जाऊन बसतं. आणि सगळा भार आईवर टाकू नका. दमलेल्या आईकडून धीर कुठून येणार?

औषध आणि दवाखाना

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना शिकवण्यावर भर असतो. मोठ्या मुलांना गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळी देतात. त्या गोळीनं भूक किंवा झोप कमी होऊ शकते, कधी भीती वाढते. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहावं लागतं. सांगितलेल्या मात्रेत दिल्यास तिचं व्यसन लागत नाही. मनानं मात्रा बदलू नका, गोळी दुसऱ्या मुलाला देऊ नका. शांत राहावं म्हणून झोपेचं किंवा खोकल्याचं औषध पाजणं धोक्याचं आहे. चिंतेसाठी बोलण्याचे उपचार असतात आणि ते लागू पडतात.

महापालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांनाही दाखवा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जाताना शिक्षकांनी लिहिलेल्या चार ओळी आणि तुमची आठवड्याची नोंद सोबत न्या.

मूल मरणाचं बोलू लागलं, स्वतःला इजा करू लागलं, तर थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

आणि विहारातल्या त्या मुलाचं काय? पुढच्या रविवारी सतरंज्या अंथरायचं, मेणबत्त्या मांडायचं काम त्यालाच द्या. वंदनेत थोडा वेळ बसला तरी त्याचं कौतुक करा. आणि त्याच्या आईला आपल्या शेजारी बसवून घ्या.

जय भीम!