भूत न येणारी भूतकथा

मुलांना भूतकथा वाचू द्याव्यात की नाही, असे आपल्या वस्तीतील आयाबहिणी पुष्कळदा विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. एकीकडे आपण विहारात सांगतो की भूतखेत, करणी, भानामती हे सारे थोतांड आहे. दुसरीकडे तीच पोरे रात्री गोधडीत तोंड खुपसून भुताच्या गोष्टी वाचतात आणि मग एकटी मोरीकडे जायला घाबरतात. मग काय, बंदी घालायची? बंदी घातलेले पुस्तक पोरे सर्वांत आधी वाचतात! माझे म्हणणे सरळ आहे. भूतकथा जरूर द्यावी, पण ती अण्णा भाऊ साठे यांची द्यावी. तिचे नाव ‘स्मशानातील सोनं’.

मराठीत भयकथेला वाचक कमी नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी दोन-तीन पिढ्यांची झोप उडविली. ते लेखन वाचनीय आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तशा बऱ्याच गोष्टींत भीती बाहेरून येते. कुठला तरी वाडा, कुठली तरी अमानवी शक्ती. अण्णा भाऊंच्या कथेत भीती पोटातून येते. आणि गंमत अशी की, कथा घडते स्मशानात, तीही मध्यरात्री, पण शेवटपर्यंत एकही भूत येत नाही.

कथेचा नायक भीमा. वारणाकाठचा गडी, अंगाने पहिलवान. पोट भरायला तो मुंबईला येतो. एवढ्या मोठ्या शहरात एवढ्या मोठ्या देहाला काम मिळत नाही, म्हणून उपनगराबाहेरच्या एका दगडाच्या खाणीवर जातो. तिथे पहार चालवून त्याचे बरे चालले असते. तेवढ्यात खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान लेक. उद्या काय खायचे, या विवंचनेत असताना एका विझलेल्या चितेच्या राखेत त्याला सोने सापडते. मेलेल्याच्या अंगावर राहिलेला दागिना! बस्स, भीमाला नवा धंदा मिळतो. दिवसा झोपायचे, रात्री स्मशानात जाऊन राख चाळायची, गाडलेले मढे उकरायचे, सापडेल ते सोने बाजारात विकायचे आणि घरात दाणे आणायचे.

यात हसण्यासारखे काय, असे कुणी विचारील. सांगतो. भीमा हळूहळू या धंद्याचा हिशेबनीस होतो. कुणाच्या राखेत सोने निघते आणि कुणाच्या निघत नाही, यावरून तो मेलेल्यांची प्रतवारी लावतो. ज्याच्या राखेत सोने तो श्रीमंत, ज्याच्या राखेत नुसतीच राख तो गरीब. गरिबाच्या मरणाचा कुणालाच उपयोग नाही, तेव्हा मरायचेच तर पैसेवाल्याने मरावे, असा त्याचा निष्कर्ष! मी कारकून माणूस, जन्म जमाखर्च लिहिण्यात गेला. असा चोख ताळेबंद मी दुसऱ्या कुठल्या कथेत पाहिला नाही. जिवंतपणी ज्यांनी गरिबाला दमडी दिली नाही, ते मेल्यावर त्याचा संसार चालवितात. हसू येते आणि लगेच गळ्यात अडकते.

बायको घाबरते. स्मशानात जाऊ नका, भुते असतात, म्हणून विनविते. त्यावर भीमाचा जबाब थोडक्यात असा की, भुते रानात नसतात, ती शहरात घरे करून राहतात. मढी मात्र बिचारी जमिनीत कुजत पडलेली असतात. ज्याने मुंबईत कामासाठी दारोदार हिंडून पाहिले, त्याला भूत कुठे राहते ते वेगळे शिकवावे लागत नाही. चमत्काराविरुद्ध दिलेल्या शंभर भाषणांचे काम हा एक अडाणी माणूस बायकोशी बोलता बोलता करून जातो.

आता भयाचा भाग. एका बड्या सावकाराला गाडल्याची बातमी लागते आणि भीमा अंधारात निघतो. पाहतो तर कोल्ह्यांची टोळी त्याच्या आधी तिथे हजर! पलीकडून ती थडगे उकरीत आहेत. त्यांना मांस हवे, याला सोने. मग एका मढ्यावरून माणूस आणि कोल्हे यांची जी झुंज लागते, ती वाचताना अंगावर काटा येतो. एका क्षणी आपल्याला कळेनासे होते की यात जनावर कोण. झुंज संपल्यावर भीमा प्रेताचे तोंड पहारीने उचकटतो आणि आत बोटे घालतो. पहार सुटते, जबडा मिटतो आणि बोटे दातांत अडकतात. मेलेला सावकार धरून ठेवतो! चिडून मारावे तर दात अधिकच रुततात. तिकडे माणसांची चाहूल लागलेली.

इथे दुसऱ्या लेखकाने मढ्याला उठवून बसविले असते. अण्णा भाऊ तसे करीत नाहीत. मढे मढेच राहते, जबडा केवळ मिटतो. यात अमानवी काही नाही. तरीही सावकार मेल्यावरसुद्धा सोडत नाही, हा अर्थ वाचकाला आपोआप कळतो. भीमा सुटून घरी येतो, पण तापाने फणफणतो आणि बोटे काढून टाकावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली! कोल्ह्यांना न भ्यालेला तो पहाडासारखा गडी लहान मुलासारखा रडतो. काम आले, तेव्हा पहार धरायची बोटे गेली. असा क्रूर विनोद फक्त दारिद्र्यच करू शकते.

या ठिकाणी एक हिशेब सांगतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, याचा तो तक्ता. एका हाताची दोन बोटे गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३० टक्के. परंतु अट अशी की अपघात कामावर असताना व्हायला हवा. खाणीत बोटे गेली असती तर भीमाला अर्ज तरी करता आला असता. स्मशानातल्या अपघाताला रकाना नाही. आमच्या शहरात वाळूज आणि चिकलठाण्याकडे ठेकेदाराकडे राबणारी आपलीच पोरे आहेत. प्रेस मशीनवर बोट गमावणे म्हणजे काय आणि काम ‘बंद’ म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या घरी ही कथा जुनी वाटणार नाही.

ज्याने ती लिहिली तो माणूसही वाटेगावहून पायी मुंबईला आलेला होता. १ ऑगस्ट १९२० चा जन्म, शाळा दीड दिवसाची. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‍घाटन त्यांनी केले. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. उपाशीपोटी मुंबई कशी दिसते, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शोधावे लागले नाही. अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या ‘पॉयझन्ड ब्रेड’ या १९९२ च्या इंग्रजी संग्रहातही ही कथा आहे. इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांची त्यामुळे सोय झाली आहे.

अर्थात, ही कथा अगदी लहान मुलांसाठी नाही. आठवी-नववीच्या पुढच्या मुलामुलींना द्यावी, आणि शक्यतो मोठ्याने वाचून दाखवावी. अर्ध्या-पाऊण तासात संपते. वाचून झाल्यावर फक्त एक प्रश्न विचारावा, “यातले भूत कोणते?” एखादा सावकार म्हणेल, एखादी भूक म्हणेल, कुणी म्हणेल खाण बंद करणारा मालक. उत्तर कोणतेही येवो, ज्या मुलाला हा प्रश्न विचारता आला, त्याला पुढे कुणी मांत्रिक सहजासहजी फसविणार नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती घरात असते. घरातले काम घरातच करावे लागते.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर पुस्तकांची दुकाने लागतात. कॅलेंडर घ्या, फोटो घ्या, आणि पिशवीत अण्णा भाऊंच्या कथांचे एक पुस्तकही टाका. पोरांना भीती वाटायचीच असेल तर ती खऱ्या गोष्टीची वाटू द्या.