धडधाकट दिसणारा रोगी

गिनीपिग हा गिनी देशातला नव्हे आणि डुकराच्या जातीचाही नव्हे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा हा कुरतडणारा, भित्रा जीव. परंतु फ्लू एकापासून दुसऱ्याला कसा होतो, हे समजण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले आहे.

१९१८ च्या महासाथीत अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील कॅम्प कोडी या लष्करी छावणीत फ्लू शिरला. पाठोपाठ तेथील प्रयोगशाळेतले गिनीपिग मरू लागले. प्रथम संशय चाऱ्यावर गेला. पण प्राणी चिरून पाहता न्यूमोनिया आढळला. ही हकीकत १९१९ साली छापून आली आणि विस्मृतीत गेली. पुढे कित्येक वर्षांनी ती न्यूयॉर्कमधील विषाणुशास्त्रज्ञ पीटर पालेसे यांच्या वाचनात आली. त्यांना असाच प्राणी हवा होता. उंदराला फ्लू होतो, पण तो शेजाऱ्याला सहसा देत नाही. फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी देतो. पण तो महाग आणि चावरा.

२००६ साली अ‍ॅनिस लोवेन, पालेसे व सहकाऱ्यांनी दाखवले की, माणसाचा फ्लू गिनीपिगच्या नाकात व फुप्फुसांत जोमाने वाढतो आणि शेजारच्या पिंजऱ्यापर्यंत पोचतो. नवल असे की, या प्रयोगांतले बाधित प्राणी आजारी दिसतही नव्हते. तरी रोग देत होते!

मग २००७ साली त्यांनी हवेची परीक्षा घेतली. ५ अंश सेल्सिअस तापमानात व कोरड्या हवेत रोग सहज पसरला. ३० अंशांवर हवेतून पसरणे थांबले. तर मग आपल्या मुंबई-पुण्याकडे दमट पावसाळ्यात फ्लू का बळावतो? २००८ च्या प्रयोगात याचा एक धागा मिळतो. ३० अंशांवरही एकाच पिंजऱ्यात राहणाऱ्यांना बाधा झालीच. उष्ण देशांत निकट सहवासाची वाट मुख्य असावी, असा तर्क या शास्त्रज्ञांनी मांडला.

तिसरी वाट २०२० साली दिसली. ज्याला फ्लू होऊच शकत नव्हता अशा गिनीपिगच्या केसांवर विषाणू लावले. तो पिंजऱ्यात वावरला, धूळ उडाली, आणि पलीकडच्या काही प्राण्यांना बाधा झाली. विषाणू वाळलेला कागदी रुमाल चुरगाळला, तरी जिवंत विषाणू हवेत उडाले.

गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. त्याच्यावरचा प्रत्येक निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण माणसांतही लक्षणे दिसण्याआधी फ्लू दुसऱ्याला देता येतो, हे ठाऊक आहे. तेव्हा ‘ताप दिसत नाही, मग कामावर ये’ हा मुकादमाचा न्याय शास्त्राला धरून नाही. आणि ताप असतानाही रोज बुडेल या धास्तीने जो कामावर येतो, त्याला नुसते दटावून काय होणार? माणसे एकमेकांना खेटून बसवलेल्या खोलीत एकाचा आजार एकाचा राहत नाही. म्हणून खिडकी उघडी असणे, दोघांत अंतर असणे, हात धुण्यास पाणी असणे आणि आजारपणाची भरपगारी रजा मिळणे, या मागण्या चैनीच्या नाहीत. रोगाच्या वाटा अडवण्याचे हेच साधे उपाय आहेत.