लेखांक ९ : तंबाखूचं बार्न आणि छपरावरचं ऊन

गेल्या आठवड्यात घराच्या गच्चीवरच्या सौर बंबाचं गणित पाहिलं. आज त्याहून अवघड काम: पीक भट्टीत वाळवण्याचं.

कोलकात्यात चौरंगीवर ३७ क्रमांकाला व्हर्जिनिया हाऊस आहे. १९१० साली राधाबाजार गल्लीत भाड्याच्या जागेत सुरू झालेल्या इंपीरियल टोबॅको कंपनीने, म्हणजे आजच्या आयटीसीने, १९२६ मध्ये ही जागा ३ लाख १० हजार रुपयांना घेतली. या कंपनीच्या सिगारेटसाठी लागणारी व्हर्जिनिया तंबाखू मात्र मुख्यतः आंध्र आणि कर्नाटकात पिकते, आणि ती आधी बार्नमध्ये, म्हणजे भट्टीने तापवलेल्या बंद खोलीत, वाळवावी लागते. निपाणीची विडीची तंबाखू शिवारातच उन्हात वाळते, तिला सरपण लागत नाही. व्हर्जिनियाला लागतं, कारण तिचा पिवळा रंग टिकवायचा असतो.

हिरवी पानं काठ्यांना बांधून बार्नमध्ये टांगतात. आधी पस्तीस अंशांच्या आसपास पान पिवळं होऊ द्यायचं, मग हळूहळू पन्नास-पंचावन्नपर्यंत चढवून पातं वाळवायचं, शेवटी सत्तरीला मधली शीर. पाच-सहा दिवस विस्तव विझू द्यायचा नाही. मध्यरात्री तापमान घसरलं की पान डागाळतं आणि लिलावात भाव पडतो. म्हणून शेतकरी रात्रभर थर्मामीटर बघत जागतो.

आता हिशेब. सात किलो हिरव्या पानांतून साधारण एक किलो तयार तंबाखू मिळते, म्हणजे सहा किलो पाणी उडवायचं. त्याला चार युनिट उष्णता पुरते, आणि तेवढी एक किलो कोरड्या लाकडात असते. जुन्या बार्नमध्ये मात्र किलोमागे चार-पाच किलो लाकूड जळतं. बाकीची उष्णता भिंतींतून, फटींतून आणि धुराड्यातून जाते. तेव्हा पहिला खर्च सौर पत्र्यावर करू नये. आधी छपराखाली उष्णतारोधक थर द्यावा, फटी बुजवाव्यात, भट्टी सुधारावी.

मग सूर्य. सोळा बाय सोळा फुटांच्या बार्नचं छप्पर भरतं चोवीस चौरस मीटर. चांगल्या उन्हात, निम्मी उष्णता हाती लागली तरी, ते दिवसाला साठ युनिट देईल. तीनशे किलो तयार तंबाखूची एक खेप सहा दिवसांत वाळवायला किमान दोनशे युनिट रोज लागतात. म्हणजे फार तर तिसरा हिस्सा, तोही दिवसाच. आंध्रात हे काम हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं, तिथे ऊन हाताशी आहे. म्हैसूरकडे पानं ऐन पावसाळ्यात भट्टीत जातात. तिथे सौर छपरावर पैसे घालणं मला पटत नाही. तिथे कॉफीची टरफलं, शेंगांची फोलपटं यांच्या कांड्या जाळाव्यात. लाकूडच हवं तर बांधावरचं सुबाभूळ किंवा सरू, आणि तोडलं तेवढं पुन्हा लावलेलं. नाहीतर त्याला नवीकरणीय म्हणण्यात अर्थ नाही.

तंबाखूने माणसं मरतात, तिचं समर्थन मी करत नाही. पण जोवर ती पिकते आहे, तोवर तिच्यासाठी जंगल तुटू नये. भट्टीचा बराचसा खर्च आज शेतकऱ्याच्या माथी आहे. पिवळ्या पानाची मागणी खरेदीदाराची असेल, तर बार्न सुधारण्याचा निम्मा खर्चही त्यानेच उचलला पाहिजे.

(पुढील आठवड्यात : सिक्कीमची मोठी वेलची)